तारेवरची कसरत: तोल नेमका कुठे सांभाळला जातो?

अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशी एखाद्या तरी वर्तमानपत्रात 'अर्थमंत्र्यांची तारेवरची कसरत' हा मथळा असतोच. आघाडीचं सरकार टिकवणं, नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणं, महिनाअखेरीला खर्च भागवणं, सगळी आपल्याकडे तारेवरची कसरत. शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झालाय की मूळची तार आणि तिच्यावरचा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही. आलाच तर श्वास रोखून, पुतळ्यासारखा ताठ उभा असलेला येतो. तसा कुणी उभा राहिला तर दोन सेकंदांत खाली येईल. तारेवरचा माणूस अखंड पडत असतो आणि प्रत्येक पडणं सुरुवातीलाच परतवत असतो. ते कसं, आणि त्यातलं किती श्रेय माणसाचं व किती तारेचं, ते पाहू.

७ ऑगस्ट १९७४, सकाळी सातनंतर

उदाहरण सगळ्यांत गाजलेलं घेऊ. फिलिप पेटी हा फ्रेंच तरुण तेव्हा २४ वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे जवळजवळ पूर्ण झाले होते. त्यांच्या माथ्यांमध्ये, जमिनीपासून ४०० मीटरहून उंच, त्याने पोलादी तार बांधली आणि कुणाचीही परवानगी न घेता तिच्यावर उतरला. पाऊण तासात आठ वेळा ये-जा केली, मध्येच गुडघा टेकून सलाम केला, तारेवर आडवाही झाला. दोन्ही छतांवर पोलीस वाट पाहत होते.

याआधी १९७१ मध्ये तो पॅरिसच्या नोत्र दामच्या मनोऱ्यांमध्ये आणि १९७३ मध्ये सिडनीच्या हार्बर ब्रिजवर असाच चालला होता. न्यूयॉर्कची कल्पना मात्र सहा वर्षं जुनी. १९६८ साली दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत असताना त्याने या मनोऱ्यांविषयीचा लेख पाहिला होता, तेव्हा इमारती उभ्याही नव्हत्या. पाऊण तासाच्या चालण्यामागे सहा वर्षं होती, आणि त्या वर्षांतला मोठा वाटा पायांच्या सरावाचा नव्हता. छतावर काय कुठे आहे, तार कशाला अडकवायची, ती पलीकडे न्यायची कशी, दोन इमारती वाऱ्यात हलल्या तर काय होईल, या प्रश्नांचा होता. बातम्यांमध्ये धाडस येतं. बांधणीबद्दल कुणी लिहीत नाही.

माणूस पडतो तेव्हा काय होतं?

जमिनीवर उभं राहताना आपले दोन पाय मिळून एक चौथरा तयार होतो. शरीराचं सगळं वजन एका बिंदूत एकवटलंय असं मानता येतं. तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य, साधारण बेंबीच्या खाली. या बिंदूतून सोडलेला ओळंबा चौथऱ्याच्या आत पडतोय तोवर आपण उभे. एसटीत उभ्याने प्रवास करताना पाय आपोआप फाकतात ते चौथरा रुंद करण्यासाठी.

तारेवर हा चौथरा पुढेमागे पावलाएवढा लांब असतो, पण आडवा जेमतेम दोन सेंटिमीटर. म्हणून पुढेमागे पडण्याची भीती नसते. सगळी लढाई डावी-उजवीकडची. ओळंबा एक सेंटिमीटर उजवीकडे सरकला की वजन माणसाला उजवीकडे फिरवू लागतं, आणि जितका तो कलतो तितका हा रेटा वाढतो. कल कलाला वाढवतो, चक्रवाढ व्याजासारखा. ७० किलोच्या माणसाचा ढोबळ हिशोब केला तर एका सेंटिमीटरचा कल काहीच न करता सोडला की सेकंदाभरात आठ-नऊ सेंटिमीटर होतो. तिथून परत येणं जवळजवळ अशक्य. म्हणजे दुरुस्ती करायला खरा अवधी सेकंदाच्या एखाद्या अंशाचा, आणि तोल जातोय हे कळून स्नायू हलायलाच त्यातला बराचसा खर्ची पडतो.

काठी कशासाठी?

पेटीच्या हातात सुमारे ८ मीटर लांब आणि २५ किलो वजनाची काठी होती. २५ किलो म्हणजे मोठ्या किराणा पोत्याएवढं ओझं. आधीच अवघड काम करणाऱ्याने एवढं ओझं का घ्यावं?

लाटणं मधोमध धरून मनगट फिरवा, झरझर फिरतं. तेवढ्याच वजनाची पण लांब काठी मधोमध धरून बोळात वळायचा प्रयत्न करा. ती लवकर हलत नाही आणि एकदा वळू लागली की लवकर थांबतही नाही. वजन तेच, पण ते मध्यापासून लांब गेलं की वस्तू फिरायला नाखूश होते. विश्वकोशी मराठीत याला निरूढी परिबल म्हणतात. आपण फिरण्यातला जडपणा म्हणू. हा जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो: काठी दुप्पट लांब केली आणि वजन तेच ठेवलं तरी तो चौपट होतो.

आठ मीटरची काठी धरली की माणूस आणि काठी मिळून हा जडपणा एकट्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट होतो. वजनही वाढलेलं असल्यामुळे फायदा पुरता तिप्पट मिळत नाही, तरी आधीचा एक सेंटिमीटरचा कल आता सेकंदाभरात आठ-नऊऐवजी साडेतीन सेंटिमीटरच होतो. घड्याळ हळू चालायला लागलं असं समजा.

पण पडणं मंदावणं हा काठीचा निम्माच उपयोग. काठीला ढकलूनच माणूस सरळ होतो. उजवीकडे तोल जातोय असं वाटलं तर तो काठीचं कुठलं टोक खाली दाबेल? बहुतेक लोक डावं सांगतात, तराजूच्या हिशोबाने. खरं उत्तर उजवं. काठीला तो उजवीकडे फिरवतो, तेव्हा काठी त्याला उलट, डावीकडे फिरवते. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे जाते, तोच न्याय. सोबत काठी थोडी डावीकडे सरकवलीही जाते, म्हणजे वजन तिकडे जातं. पण मुख्य काम त्या फिरवण्याचं.

इथे एक पेच आहे. काठी उजवीकडे कलती राहिली तर पुढच्या वेळी फिरवायला जागा उरणार नाही, म्हणून ती परत आडवी करावी लागते. आणि तिला परत आणताना उलटा धक्का बसून माणूस पुन्हा उजवीकडे ढकलला जातो. त्यामुळे मुरलेला कलाकार सरळ रेषेवर न थांबता किंचित पलीकडे, डावीकडे जातो आणि त्या डाव्या कलाचा उपयोग करून काठी आडवी करतो. मग थोडा उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. लांबून आपल्याला काठीची टोकं संथपणे वरखाली होताना दिसतात ती ही देवाणघेवाण. ती टोकं अगदीच थांबलेली दिसली तर माणूस एकतर फार मोठा कलाकार आहे किंवा घाबरून आखडलाय.

किती हलवावी लागते? एका सेंटिमीटरचा कल परतवायला पेटीच्या काठीचा फिरण्याचा वेग सेकंदागणिक जेमतेम चार अंशांनी वाढवला तरी पुरतो. तेच काम नुसत्या हातांनी करायचं तर त्यांचा वेग सेकंदागणिक शेकडो अंशांनी वाढवावा लागेल, आणि हात तर अर्ध्या फेऱ्यात संपतात. कठड्यावर तोल गेला की माणूस हात पवनचक्कीसारखे का फिरवतो ते यावरून कळेल. शरीराला नियम ठाऊक असतो, हात फक्त आखूड पडतात.

डोंबाऱ्याच्या खेळात दोरावरची पोर आडवा वेळू धरते तो याच कारणासाठी. तिचं स्वतःचं वजन कमी असल्याने साध्या वेळूचाही तिच्या मानाने बराच प्रभाव पडतो. लहान मूल दोरावर सहज चालताना दिसतं त्यामागे हे गणित आहे, आणि लहान मुलांनाच दोरावर चढवलं जाण्यामागचं एक कारणही तेच असावं. कौतुकाच्या टाळ्या वाजवताना हेही लक्षात असलेलं बरं. मुलांना सर्कशीत कामाला लावण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदीचे आदेश दिले. २०१६ च्या दुरुस्तीने बालकलाकारांना कायद्यात सवलत दिली तीही सर्कस वगळून. रस्त्याच्या कडेचा दोर मात्र अजून दिसतो.

'काठी खाली वाकलेली असते, म्हणून वजन तारेखाली जातं' हे खरं का?

हे स्पष्टीकरण पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. बोटाच्या टोकावर डुलणारी, दोन्ही बाजूंना वाकडे हात खाली गेलेली बाहुली बघितली असेल. तिचा गुरुत्वमध्य खरोखरच आधाराच्या खाली असतो, त्यामुळे ती पडूच शकत नाही. तारेवरच्या माणसालाही हेच लागू करतात.

आकडे घालून पाहा. माणसाचे ७० किलो तारेच्या साधारण एक मीटर वर आहेत. २५ किलोच्या काठीने ते भरून काढायचे तर काठीचा गुरुत्वमध्य तारेच्या पावणेतीन मीटरहून जास्त खाली हवा. काठी तर कंबरेशी धरलेली. म्हणजे तिची टोकं तळ्यात गळ टाकावा तशी कित्येक मीटर खाली लोंबली पाहिजेत. असं होत नाही. काठी थोडी वाकते, गुरुत्वमध्य काही सेंटिमीटर खाली येतो, थोडी मदत होते, बस. तारेवरचा माणूस शेवटपर्यंत उलट्या उभ्या केलेल्या झाडूसारखाच असतो: सोडला की पडणारा.

तारेचा ताण: ओली चादर आणि उपटलेला खिळा

आता त्या भागाकडे येऊ ज्याकडे प्रेक्षक पाहत नाहीत आणि कलाकार सगळ्यांत आधी पाहतात.

गॅलरीत कपड्यांची दोरी अगदी ताठ बांधली आणि तिच्यावर ओली चादर टाकली की भिंतीतला खिळा उपटून येतो. दोरी जरा सैल असती तर तीच चादर निमूट वाळली असती. दोरीला जो खाली वाक येतो त्याला आपण झोळ म्हणतो. झोळ जितका कमी, तितका ताण जास्त. मधोमध वजन असेल तर हिशोब सोपा आहे: वजनाला दोन टोकांमधल्या अंतराने गुणा आणि झोळाच्या चौपटीने भागा.

माणूस आणि काठी मिळून ९५ किलो, अंतर ६० मीटर धरू. झोळ १ मीटर ठेवला तर तारेत सव्वाचौदाशे किलोचा ताण येतो. झोळ अर्धा मीटर हवा असेल तर दुप्पट, जवळजवळ तीन टन. शिवाय तारेचं स्वतःचं वजन: पाऊण इंची वायर रोप (पोलादी तारांचा पीळदार दोर) मीटरला दीड किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे एक मीटर झोळासाठी आणखी सहा-सातशे किलो. म्हणजे एका माणसाला पेलण्यासाठी दोन्ही बाजूंच्या आधारांना दोन टन खेचलं जातंय. पूर्ण ताठ, अजिबात झोळ नसलेली तार कुणालाच बांधता येत नाही, त्यासाठी ताण अनंत लागेल.

तार एवढ्याने तुटत नाही. चांगला पाऊण इंची वायर रोप वीस टनांच्या पुढे टिकतो. धोका टोकांना असतो: ज्या खांबाला ती गुंडाळली तो, शॅकल (जोडणारी कडी), क्लॅम्प (तार आवळणारी पकड), टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचा पेच). साखळी सगळ्यांत कच्च्या कडीएवढीच भक्कम, तसं.

आता यातला सगळ्यांत चमत्कारिक आकडा. ६० मीटर अंतरावर मधोमध एक मीटर झोळ पडायला तार सरळ रेषेपेक्षा किती जास्त लांब हवी? फक्त सव्वातीन सेंटिमीटर. दोन बोटं. याचा अर्थ असा की दोन इमारतींचे माथे वाऱ्याने दोन-तीन सेंटिमीटर लांब गेले तर झोळ नाहीसा व्हायला बघतो आणि ताण भडकतो. जवळ आले तर तार पायाखाली खचते. तार स्वतः थोडी ताणली जाते आणि आधारही थोडे लवचीक असतात, म्हणून लगेच काही तुटत नाही. पण उंच इमारतींवर तार बांधणाऱ्याला ही चिंता पहिल्या दिवसापासून असते. उन्हाचाही परिणाम होतो: दहा अंश तापमान वाढलं की ६० मीटर पोलाद सात मिलिमीटर लांबतं. पहाटे घट्ट केलेली तार दुपारी तशी राहत नाही.

पेटीची तार पलीकडे गेली ती आधी बाणाने. एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर त्याच्या साथीदाराने धनुष्याने मासेमारीचा दोरा सोडला. त्या दोऱ्याला जाड दोरी, तिला आणखी जाड, आणि शेवटी तार. विहिरीत पडलेली मोट काढताना जसा आधी सुताचा गळ, मग सोल. पण सुमारे २०० किलोची ती तार रात्री त्यांच्या हातून सुटून दोन मनोऱ्यांमध्ये लोंबली आणि तिला हातांनी वर ओढून घट्ट करण्यात तासन्‌तास गेले. तो चालायला निघाला तो रात्रभर हे ओझं ओढलेल्या अंगाने.

तार तीन तऱ्हांनी हलते

वर-खाली, डावी-उजवीकडे, आणि स्वतःभोवती. पहिल्या दोन लगेच समजतात. तिसरी फसवी आहे. वायर रोप म्हणजे पीळ दिलेले पदर. ताण वाढला की पीळ उलगडायला बघतो, कमी झाला की पुन्हा घट्ट होतो. माणूस चालत जातो तसा ताण बदलतो आणि तार पावलाखाली गोल फिरते. सुतळीला वजन टांगून पाहा, ते कसं गरगरतं.

उपाय आपल्याला तंबूवरून माहीत आहे: तणावे. मुख्य तारेला ठरावीक अंतरावर दोर बांधून दोन्ही बाजूंना तिरपे खाली ताणायचे. इटालियन सर्कशीच्या बोलीतून आलेला कावालेत्ती हा शब्द जगभरचे कलाकार यासाठी वापरतात. ब्लाँदँ या फ्रेंच कलाकाराने ३० जून १८५९ रोजी नायगाराची घळ पार केली तेव्हा सुमारे ३४० मीटर लांबीच्या ताग-दोराला असेच दोन्ही काठांवरून तणावे दिले होते. अगदी मधल्या भागात मात्र ते पोचत नव्हते, आणि तिथेच दोर सगळ्यांत जास्त हलायचा. यानेच पुढे दोरावर मधोमध चूल मांडून ऑम्लेट केलं आणि आपल्या व्यवस्थापकाला पाठुंगळी घेऊन पलीकडे नेलं. १८७६ मध्ये मारिया स्पेल्तेरीनी पायांत पीच फळांच्या टोपल्या बांधून तीच घळ चालून गेली. तळव्याला दोर न जाणवताही तोल राखता येतो हे त्यातून दिसतं, पण ते कुणी करून पाहू नये.

मनोऱ्यांमध्ये खाली जमीनच नसते, त्यामुळे तणावे त्याच इमारतींकडे तिरपे परत न्यावे लागतात. अमेरिकी कलाकार निक वॅलेंडा १५ जून २०१२ रोजी नायगाराच्या थेट धबधब्यावरून, ५५० मीटर लांबीच्या तारेवरून चालला तेव्हा तणावे बांधायला जागाच नव्हती. तिथे पाच सेंटिमीटर जाडीची, काही टनांची तार वापरली आणि तिला खाली लंबकासारखी वजनं अडकवली. वजन खाली लोंबत असलं की तार गोल फिरू शकत नाही. डोंबाऱ्याला यातलं काही लागत नाही, कारण त्याचा दोर काही मीटरांचा. बांबूच्या दोन कात्र्या, टोकांना मेखा, काम झालं. लांबी हीच खरी शत्रू.

नवा वायर रोप कारखान्यातून ग्रीस लावून येतो. ते पूर्ण काढल्याशिवाय त्याच्यावर पाय ठेवत नाहीत. चालताना तार अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून सुरू होऊन टाचेच्या मध्यावर यावी असं पाऊल पडतं. बूट पातळ, मऊ कातडी तळाचे. गुडघे किंचित वाकलेले. ताठ गुडघा तारेचा प्रत्येक धक्का थेट डोक्यापर्यंत पोचवतो.

मग काठीशिवाय चालणारे?

आहेत. पण त्यांची तार बहुधा दोन-तीन मीटर उंच, आखूड, आणि थोडी उसळणारी असते. ऑस्ट्रेलियाचा कॉन कॉलिआनो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत अशा तारेवर पुढची कोलांटी मारून पायांवरच उतरायचा. मागच्या कोलांटीत डोकं आधी फिरून येतं, उतरण्यापूर्वी तार दिसते. पुढच्या कोलांटीत पाय आधी येतात, डोळे नंतर; तार दिसायच्या आत तिच्यावर उभं राहायचं असतं. दोन्हींतला फरक तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला कळत नाही, म्हणून सर्कशीत निवेदक लागतो.

दोन फुटांवर जमतं, तर चारशे मीटरवर का जमू नये?

वरचं सगळं गणित उंचीला ओळखत नाही. दोन फुटांवर जो तोल, तोच मनोऱ्यावर. तरी सरावलेला माणूसही उंचीवर अडखळतो, आणि कारण नुसती भीती नाही.

तोलाची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून येते: कानाच्या आतल्या संवेदक नळ्या, पाय-सांध्यांतली जाणीव, आणि डोळे. डोळे जवळच्या वस्तूंवर अवलंबून असतात. आपण डुललो की जवळची भिंत सरकलेली दिसते. सगळंच शेकडो मीटर दूर असेल तर आपण दहा सेंटिमीटर डुललो तरी काहीच सरकताना दिसत नाही. तीन खबऱ्यांपैकी एक मुका होतो. खाली वाहतं पाणी असेल तर तो खोटं बोलू लागतो: दादरला शेजारची लोकल सुटली की आपलीच गाडी निघाल्यासारखं वाटतं, तसं. म्हणून कलाकार नजर पलीकडच्या टोकावर, तार जिथे बांधली आहे तिथे रोखतात. तो बिंदू हलत नाही.

वाऱ्याचं काय?

ताशी ४८ किलोमीटरचा वारा उभ्या माणसाला साधारण सहा-साडेसहा किलोच्या जोराने ढकलतो. वारा एकसारखा असेल तर उत्तर सोपं: सातेक सेंटिमीटर त्याच्यावर रेलून चालायचं. अडचण झोताची. ज्याच्यावर रेललोय तो वारा एकदम थांबला की आपण सात सेंटिमीटर कललेले, आणि एवढ्या कलाचं काय होतं ते वर आलंच आहे. वारा सुटण्यापेक्षा पडणं जास्त घातक. २३ जून २०१३ रोजी निक वॅलेंडा ॲरिझोनात लिटल कोलोरॅडो नदीच्या घळीवरून, सुमारे ४५० मीटर उंचीवरून, चालला तेव्हा तो मध्ये दोनदा खाली बसला. प्रेक्षकांना ती भीती वाटली असेल. बसल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, वाऱ्याला अंग कमी मिळतं, आणि पावलांच्या तालाने तारेला लागलेला झोका विरून जातो. झुलत्या पुलावर सैनिकांना पावलांचा ताल मोडून चालायला सांगतात, त्यामागेही हाच झोका.

अपघात कुठे होतात?

निकचे पणजोबा कार्ल वॅलेंडा २२ मार्च १९७८ रोजी, ७३ व्या वर्षी, पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये एका हॉटेलच्या दोन मनोऱ्यांमधल्या तारेवरून पडून गेले. उंची ३७ मीटर, वारा जोराचा. छायाचित्रं पाहून सगळे वाऱ्याला दोष देतात. कुटुंबाचं म्हणणं वेगळं: तणावे चुकीचे जोडले होते, त्यामुळे तार नको तितकी हलत होती. आयुष्यभर तारेवर राहिलेला माणूस तारेच्या बांधणीने गेला.

त्याआधी ३० जानेवारी १९६२ रोजी डेट्रॉइटमध्ये याच घराण्याचा सात जणांचा मनोरा कोसळला. दोघांचा मृत्यू झाला आणि एकाला कायमचं अपंगत्व आलं. खाली चार, त्यांच्या खांद्यांवरच्या दांड्यांवर दोन, वर एक. सर्वांत पुढच्याची काठी हातातून निसटली. आपल्या दहीहंडीत खालचा थर गोल आणि रुंद असतो, एक डगमगला तर शेजारचे पेलतात. तारेवर सगळे एकाच रेषेत, शेजार नाहीच. एकाचा तोल दांडीवाटे सगळ्यांचा जातो. ब्लाँदँ मात्र शेवटपर्यंत तारेवर चालला आणि १८९७ मध्ये लंडनला मधुमेहाने गेला.

पट्टा का बांधत नाहीत?

बांधतात. २०१२ च्या नायगाराला खेळ दाखवणाऱ्या टीव्ही वाहिनीच्या अटीमुळे निक वॅलेंडाला पट्टा लावावा लागला, आणि त्याने तो नाखुशीने लावला. कलाकार दोन हरकती घेतात: मागे ओढली जाणारी दोरी तारेवर अडकू शकते, आणि पट्टा आहे म्हटल्यावर मन ढिलं पडतं. पहिली हरकत खरी आहे आणि चांगल्या बांधणीने सुटते. दुसरी पटत नाही. बांधकामावरचा मजूर पट्टा लावून निष्काळजी होतो असं म्हणून आपण त्याचा पट्टा काढून घेत नाही. पट्टा लावला म्हणून काम संपत नाही एवढं मात्र खरं. पडलेला माणूस पट्ट्यावर लोंबत राहिला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून त्याला लगेच उतरवण्याची व्यवस्था आधीच तयार हवी. तारेवर पडायचं कसं हेही शिकवतात: तोल गेलाच तर काठीचा मोह सोडून तार धरायची, गुडघा अडकवायचा. काठी वाचवायला जाणारा दोन्ही गमावतो.

पेटीकडे त्या सकाळी पट्टा नव्हता आणि जाळंही नव्हतं. पावसाचे थेंब पडू लागले तसा तो तारेवरून आला आणि पोलिसांनी त्याचे हात पाठीमागे घेऊन बेड्या घातल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या उद्यानात मुलांसाठी एक फुकट खेळ करावा या बोलीवर पुढे आरोप मागे घेतले गेले. पण त्या दिवसातला सगळ्यांत धोक्याचा क्षण कोणता, यावर त्याने नंतर सांगितलं तो तारेवरचा नव्हता. बेड्या घातलेल्या अवस्थेत त्याला जिन्यावरून ढकलत खाली नेलं, तो होता. काठी नाही, आणि फिरवायला हातही नाहीत.